गरोदरपणातील छातीची धडधड : साधी कोणती, धोक्याची कोणती?

गरोदरपणात छातीत धडधडते, ही तक्रार नवी नाही. जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना, कधी रात्री कुशीवर झोपल्यावर आपल्याच हृदयाचे ठोके कानात ऐकू येतात. घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "दिवस गेल्यावर व्हायचंच असं. आम्हालाही व्हायचं." बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे बरोबरही असते. पण काही थोड्या स्त्रियांच्या बाबतीत हीच धडधड हृदयाच्या लयीतील बिघाडाची पहिली खूण असते. ती ओळखली तर आई आणि बाळ दोघेही सुखरूप राहू शकतात. ओळखली नाही तर दोन्ही जीव धोक्यात येऊ शकतात. म्हणून साधी धडधड कोणती आणि धोक्याची कोणती, एवढे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

नऊ महिन्यांत हृदयाचे काम किती वाढते?

गरोदर स्त्रीच्या शरीरातील रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. वार, गर्भाशय आणि वाढते बाळ यांना रक्त पुरवायचे असल्याने हृदयाला दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जादा रक्त ढकलावे लागते. त्यासाठी ठोक्यांची गतीही मिनिटाला १० ते २० ने वाढते. एखाद्या स्त्रीची नाडी एरवी ७५ असेल तर शेवटच्या महिन्यांत ती ९० होईल. मिनिटाला पंधरा जादा ठोके म्हणजे दिवसाला एकवीस हजारांहून अधिक जादा ठोके! निरोगी हृदय हा भार सहज पेलते.

या काळात हृदयाचे कप्पे थोडे ताणले जातात आणि शरीरातील संप्रेरकांमुळे हृदय अधिक संवेदनशील होते. त्यामुळे आधीपासून असलेला, पण कधी न जाणवलेला एखादा दोष गरोदरपणात प्रथमच डोके वर काढतो.

हृदयाची लय कशी चालते?

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वरचे आणि दोन खालचे. वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक बारीक पुंजका असतो. तो ठरावीक वेळाने विजेचा सूक्ष्म संदेश सोडतो. हा संदेश आधी वरच्या कप्प्यांत पसरतो, मधल्या चौकीवर क्षणभर थांबतो आणि मग खालच्या कप्प्यांत जातो. त्या क्षणभराच्या थांब्यात वरचे रक्त खाली उतरते. संदेश भलत्याच ठिकाणाहून निघाला, चुकीच्या वाटेने गोल गोल फिरू लागला किंवा वाटेतच अडला, की लय बिघडते.

धडधडीचे प्रकार

हळूहळू वाढणारी आणि हळूहळू उतरणारी धडधड : श्रम, ताप, भीती, उन्हाळ्यात पाणी कमी पडणे अशा कारणांनी ती होते. लय नियमित असते, फक्त वेग जास्त असतो. यात हृदयाचा दोष नसतो, पण कारण शोधावे लागते. आपल्याकडे सर्वांत मोठे कारण म्हणजे रक्त कमी असणे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन कमी असले की तेवढाच प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाला अधिक वेळा धडकावे लागते. थायरॉइड ग्रंथीचे काम वाढल्यानेही असेच होते.

मध्येच ठोका चुकल्यासारखे वाटणे : एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग थोडी विश्रांती आणि नंतर एक जोराचा ठोका. "छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं," असे बायका याचे वर्णन करतात. गरोदरपणात हे पुष्कळदा आढळते. हृदय मुळात निरोगी असेल तर यासाठी सहसा औषध लागत नाही. एकदा तपासणी करून घेतली की निर्धास्त राहावे.

एकाएकी सुरू होणारी आणि एकाएकी थांबणारी धडधड : विजेचे बटण दाबावे तशी ही सुरू होते. नाडी दीडशे-दोनशेपर्यंत जाते, मोजताही येत नाही. काही मिनिटे किंवा काही तास चालून ती अचानक बंद होते. वरच्या भागात संदेश गोल फिरत राहिल्याने हे होते. डॉक्टर याला एस. व्ही. टी. म्हणतात. निरोगी हृदय असलेल्या तरुण स्त्रीत हा प्रकार बहुधा जिवावर बेतत नाही, पण उपचार मात्र लागतो.

पूर्णपणे बेताल धडधड : दोन ठोक्यांतील अंतर प्रत्येक वेळी वेगळे. याला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. तरुण वयात हे दिसले की डॉक्टर लगेच हृदयाच्या झडपा आणि थायरॉइड तपासतात.

फार मंद ठोके : नाडी चाळीस-पन्नासच्या आसपास, सोबत चक्कर किंवा शुद्ध हरपणे. संदेश वाटेत अडल्याची ही खूण असू शकते. अशा काही स्त्रियांना पेसमेकर बसवावा लागतो. पेसमेकर असलेल्या स्त्रियाही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुखरूप बाळंत होतात.

खालच्या कप्प्यांतून निघणारी वेगवान लय क्वचित आढळते, पण ती सर्वांत गंभीर. धडधडीबरोबर घेरी येऊन पडणे हे तिचे लक्षण असू शकते.

नाडी मोजायला शिका

डाव्या हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर उजव्या हाताची मधली तीन बोटे हलकेच ठेवा. घड्याळाचा सेकंदकाटा पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. आकडा लिहून ठेवा. ठोके एकसारखे पडतात की वेडेवाकडे, तेही लिहा. धडधड किती वाजता सुरू झाली, तेव्हा काय करत होता, ती हळूहळू थांबली की एकदम, चक्कर आली का, एवढी टिपणे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. हे काम नवऱ्यालाही करता येते आणि त्याने ते शिकून घ्यावे.

डॉक्टर काय तपासतात?

सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे ई. सी. जी., अर्थात हृदयाचा विद्युत आलेख. हॉलंडमधील शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांना या शोधाबद्दल १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. "या यंत्राने पोटातल्या बाळाला शॉक बसेल का?" अशी भीती पुष्कळांना वाटते. ई. सी. जी. यंत्र शरीरात वीज सोडत नाही. हृदयातून निघणारी सूक्ष्म वीज ते फक्त टिपून घेते. म्हणून कितव्याही महिन्यात ही तपासणी करायला हरकत नाही.

एक अडचण मात्र असते. धडधड थांबल्यावर काढलेला आलेख अगदी सर्वसाधारण येऊ शकतो. चोर पळून गेल्यावर पंचनामा करावा तसे ते होते. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ई. सी. जी. काढून घेणे सर्वांत चांगले. त्या एका पट्टीवरून निदान होऊ शकते. ती पट्टी जपून ठेवा आणि मोबाइलवर तिचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, कारण काही पट्ट्यांवरची शाई वर्षभरात पुसट होते. धडधड वारंवार येते पण हाती लागत नाही, अशा वेळी चोवीस तास किंवा अधिक काळ अंगावर बाळगायचे होल्टर यंत्र लावतात.

दुसरी तपासणी म्हणजे इको, म्हणजेच हृदयाची सोनोग्राफी. झडपा आणि हृदयाची ताकद तिच्यात दिसते. पोटाच्या सोनोग्राफीप्रमाणेच तिच्यात क्ष-किरण नसतात. याखेरीज हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातील पोटॅशियम यांच्या तपासण्या होतात. पाचव्या महिन्यानंतर तपासणीच्या टेबलावर बराच वेळ उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून घाबरे होते. तसे वाटल्यास सांगावे आणि किंचित डाव्या कुशीवर वळावे.

लपवलेला आजार

आपल्या भागात या विषयाची खरी गंभीर बाजू आहे ती ऱ्हुमॅटिक हृदयरोगाची. लहानपणी घसा दुखून ताप येतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेवर डाग राहतो. पुढच्या काही वर्षांत डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद होत जाते. मुलगी शाळेत जाते, शेतात काम करते, तिला फारसा त्रास जाणवत नाही. मग लग्न होते, दिवस जातात आणि सहाव्या-सातव्या महिन्यात दम लागू लागतो.

असे का होते? वरच्या कप्प्यातले रक्त झडपेतून खाली उतरते ते दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. नाडी ७५ असेल तर एका ठोक्याला जेमतेम पाऊण सेकंद मिळतो. नाडी १५० झाली की तो वेळ निम्म्यावर येतो आणि त्यातली विश्रांती तर त्याहूनही कमी होते. दार अरुंद आणि बाहेर पडायला वेळही नाही, मग आत गर्दी होणारच. तसे रक्त मागे फुप्फुसात तुंबते. आडवे झोपले की दम कोंडतो, रात्री उठून बसावे लागते, खोकल्यातून फेसाळ, गुलाबी थुंकी पडते. त्यात लय बेताल झाली तर वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याची, म्हणजे पक्षाघाताची भीती असते. धडधड तीच, पण निरोगी हृदयात जी केवळ त्रासदायक, ती अरुंद झडपेच्या हृदयात काही तासांत प्राणघातक ठरू शकते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मुलीला लहानपणी हृदयाचा आजार सांगितला होता, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन चालू होते, ही गोष्ट पुष्कळ घरांत लग्न ठरताना लपवली जाते. लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून इंजेक्शन बंद होते. जुने कागद माहेरच्या ट्रंकेत राहतात. डॉक्टरांना पहिल्यांदा कळते ते आठव्या महिन्यात, दम लागलेल्या अवस्थेत. हे गुपित मुलीच्या जिवावर बेतते. माहेरच्यांनी तो कागद मुलीच्या हाती द्यावा. सासरच्यांनी ती खोट न मानता सावधगिरीची सूचना मानावी. वेळीच कळले तर औषधांनी नाडी आटोक्यात ठेवता येते. गरज पडल्यास फुग्याच्या साहाय्याने झडप रुंद करता येते. ही पद्धत जपानचे डॉ. कानजी इनोऊ यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. आवश्यक असेल तर गरोदरपणातही, शक्यतो पाचव्या महिन्यानंतर, ती करता येते. दिवस राहण्याआधीच झडपेचा इलाज झाला तर उत्तमच. पेनिसिलीनचे इंजेक्शन गरोदरपणातही चालू ठेवता येते.

उपचार : आई वाचली तर बाळ वाचेल

साध्या धडधडीला कारणानुरूप उपचार असतात. लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, पण चहाबरोबर घेऊ नयेत. चहा-कॉफी बेताची असावी, दिवसाला चहाचे दोन-तीन लहान कप पुरे. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती सोडावी. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीन हृदयाचे ठोके वाढवते आणि बाळाची वाढ खुंटवते. सर्दीच्या काही गोळ्या, दम्याची काही औषधे आणि अकाली कळा थांबवण्यासाठी दिलेली काही औषधे यांनीही धडधड वाढते. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत, पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

एकाएकी येणाऱ्या वेगवान धडधडीत डॉक्टर प्रथम नाक-तोंड बंद ठेवून जोर करायला सांगतात किंवा रिकाम्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद फुंकायला लावतात. यामुळे हृदयाला आवर घालणारी मज्जा चेतते आणि पुष्कळदा लय जागेवर येते. डोळे दाबणे, मानेची शीर दाबणे असले प्रकार घरी मुळीच करू नयेत. एवढ्याने भागले नाही तर शिरेतून अडेनोसिनचे इंजेक्शन देतात. ते दिल्यावर काही क्षण छाती दाबल्यासारखी होते, जीव घाबरा होतो. घाबरू नये. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकते, त्यामुळे बाळापर्यंत त्याचा परिणाम पोहोचत नाही. दमा असल्यास मात्र आधी सांगावे.

रक्तदाब कोसळत असेल, शुद्ध हरपत असेल, तर छातीवर विजेचा नियंत्रित झटका देऊन लय पूर्ववत करतात. नातेवाईक इथे कच खातात आणि सहीला नकार देतात. गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात हा उपचार करता येतो. बाळापर्यंत पोहोचणारी वीज अत्यल्प असते आणि त्याच्या ठोक्यांवरही लक्ष ठेवले जाते. आईचा रक्तदाब कोसळलेला राहणे हाच बाळाला खरा धोका असतो.

धडधड पुन्हा होऊ नये म्हणून रोजच्या गोळ्या लागल्या तर मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, डिगॉक्सिन यांचा गरोदरपणात दीर्घ अनुभव आहे. अॅटेनोलॉलने बाळाची वाढ कमी होऊ शकते, तर अमिओडेरोनने बाळाच्या थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. म्हणून ही दोन औषधे शक्यतो टाळतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाला अपाय करू शकतात. त्याऐवजी हेपॅरिनची इंजेक्शने देता येतात, कारण हेपॅरिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही. पण हा बदल तज्ज्ञांनीच करायचा असतो. कृत्रिम झडप बसवलेल्या स्त्रीने, दिवस गेल्याचे कळताच, शेजारणीच्या सल्ल्याने गोळी बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन प्राण जाऊ शकतो. गोळी बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कधी कधी लय बिघडलेली असते ती पोटातल्या बाळाची. तेव्हा आईला गोळ्या देतात आणि त्या वारेतून बाळापर्यंत पोहोचून त्याचे ठोके जागेवर आणतात. बाळ जन्मण्याआधीच त्याचा इलाज होतो, तो आईच्या हातून!

बाळंतपण आणि त्यानंतर

"हृदयाचा त्रास आहे म्हणजे सिझेरियनच," असा समज आहे. तो बरोबर नाही. बहुतेकींचे बाळंतपण नैसर्गिक मार्गाने होऊ शकते. वेदना कमी करण्यासाठी पाठीत इंजेक्शन देतात आणि शेवटी फार जोर करावा लागू नये म्हणून चिमट्याची किंवा व्हॅक्यूमची मदत घेतात. मात्र असे बाळंतपण घरी किंवा लहान दवाखान्यात करण्याचे धाडस करू नये. भूलतज्ज्ञ, हृदयतज्ज्ञ आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात आधीच नाव घालावे. बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत आपल्याकडे आहे. माहेरगावी ही सोय नसेल तर या खेपेला रीत बाजूला ठेवावी.

बाळ झाले म्हणजे धोका टळला, असेही नाही. आकुंचन पावणाऱ्या गर्भाशयातील रक्त एकदम हृदयाकडे परतते, म्हणून पहिले एक-दोन दिवस फार जपावे लागते. काही स्त्रियांत शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा आजार उद्भवतो. बाळंतिणीला दम लागणे, पायांवर सूज, धडधड याकडे "बाळंतवात असेल" म्हणून दुर्लक्ष करू नये. लाँग क्यू. टी. नावाच्या आनुवंशिक दोषात तर बाळंतपणानंतरचे नऊ महिने विशेष जोखमीचे असतात. अशा स्त्रीला गजराच्या आवाजाने दचकूनही घेरी येऊ शकते. तिने गोळी एक दिवसही चुकवू नये. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल घेताना बाळाला अंगावर पाजता येते.

लगेच रुग्णालय गाठा, जर

* धडधडीबरोबर चक्कर आली किंवा शुद्ध हरपली.
* आडवे झोपल्यावर दम कोंडतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो.
* छातीत दुखते.
* स्वस्थ बसूनही दहा-पंधरा मिनिटे नाडी १२० च्या वर राहते, किंवा ठोके बेताल आहेत.
* लहानपणी सांधे सुजण्याचा ताप, झडपेचा आजार किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि आता धडधड सुरू झाली आहे.

घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर त्रास नसला तरी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तसे सांगावे.

१०८ क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते. गाडी येईपर्यंत स्त्रीला पाठीशी उशा देऊन बसवावे. घेरी येत असेल तर डाव्या कुशीवर निजवावे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. गावच्या आशाताईंना विचारून तिचा लाभ घ्यावा. तिथे रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहिले जातेच. "एकदा छातीला नळी लावून ठोकेही ऐका," असे आपण होऊन सांगायला संकोच करू नये. झडपेच्या आजाराचा पहिला संशय पुष्कळदा त्या नळीतूनच येतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती. सून किंवा लेक "धडधडतंय" म्हणाली तर "व्हायचंच असं" हे उत्तर देण्याआधी तिचा हात हाती घ्या आणि घड्याळ पाहून एक मिनिट नाडी मोजा. ठोके संथ आणि एकसारखे लागले तर तिला धीर द्या आणि पुढच्या तपासणीत सांगायला लावा. तसे लागले नाहीत, तर सकाळची वाट पाहू नका.